खाली काय पडलं, वर काय राहिलं

मी एक जुनी चाळणी आहे, मित्रांनो. थांबा, लगेच हात लावू नका. आधी मला सांगा, तुम्हाला कोणी पाठवलं? सहज आलात म्हणता? सहज म्हणून चाळणीपाशी कोणी येत नाही. बरं, आलाच आहात तर बसा. पण माझ्या भोकांना बोटं लावायची नाहीत.

रागावू नका माझ्यावर. ज्या घरात मी उभं आयुष्य खुंटीवर काढलं, त्या घरात कोणाचाच कोणावर भरवसा नव्हता. तिथे राहून मी तरी भोळी कशी राहणार? शिवाय माझं कामच तसं. समोर जो येईल त्याला मी एकच गोष्ट विचारायची: तुझी जाडी किती? उत्तर पटलं तर राहा वर, नाही तर चल, नीघ खाली.

माझा जन्म पत्र्याचं काम करणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात झाला. मला करवून घ्यायला जी बाई आली तिला पुढे सगळे किल्लीवाली म्हणायचे. तेव्हा ती तरुण होती आणि धान्याच्या कोठीची किल्ली नुकतीच तिच्या कमरेला आली होती. तिने कागदाच्या दोन पुड्या कारागिरापुढे ठेवल्या. एकीत त्यांच्या शेतातला गहू होता. दुसरीत काळे, गोल, बारीक दाणे होते. गव्हात उगवणाऱ्या एका तणाचं ते बी. घरात त्याला काळमणी म्हणायचे. दळणात थोडं जरी आलं तरी पीठ कडू व्हायचं.

"हा राहिला पाहिजे आणि हा पडला पाहिजे," किल्लीवाली म्हणाली. "सगळी भोकं सारखी हवीत. एक जरी कमीजास्त निघालं तर मी परत आणून टाकीन."

"बाई, मी काय आज करतोय का हे काम?"

"तेच तर. रोज करणाराच हात राखून काम करतो."

बिचारा कारागीर! त्याने एकेक भोक जीव ओतून पाडलं आणि प्रत्येकात तोच खिळा घालून पाहिला. त्यामुळे मी इतकी अचूक झाले की बघत राहावं. मित्रांनो, हे लक्षात ठेवा. माझा अचूकपणा संशयातून आला होता, आणि पुढचं सगळं त्या अचूकपणातून आलं.

सुरुवातीची वर्षं माझी ऐन बहराची होती. मळणी झाली की गहू कोठीत यायचा. किल्लीवाली दाराला आतून कडी घालायची आणि मला हातात घ्यायची. तिने मला हलवलं की माझ्याखाली काळ्या मण्यांची नुसती सर लागायची आणि वर राहायचा स्वच्छ, पिवळा गहू. त्यातलाच गहू पुढच्या पेरणीला बियाणं म्हणून बाजूला काढायचे. खाली पडलेलं सगळं चुलीत जायचं. शेजारणी दारातून डोकावून म्हणायच्या, "काय हो चाळणी आहे तुमची! एक दिवस द्या की." किल्लीवाली हसून म्हणायची, "द्यायला काय हरकत आहे, पण ती सध्या दुरुस्तीला दिलीय." मी तिच्या पाठीमागे खुंटीवरच लटकत असायचे!

बाहेरचं बियाणं तिने कधी घरात येऊ दिलं नाही. "त्यात काय काय मिसळलेलं असेल कोणाला ठाऊक?" दुसऱ्याची चाळणी तिने वापरली नाही. हाताने निवडायला बायका लावल्या नाहीत, कारण बायका पदरात गहू नेतील. तेच शेत, तेच बियाणं आणि तीच मी. वर्षामागून वर्षं.

एका कामासाठी मात्र खाली पडलेले काळमणी जपून ठेवले जायचे. घरात मूल जन्मायचं असलं की त्यांची उशी शिवायची. दाणे गुळगुळीत असतात, बाळाच्या डोक्याला टोचत नाहीत. किल्लीवालीच्या थोरल्या मुलासाठी तिने नवऱ्याच्या जुन्या निळ्या सदऱ्याची उशी केली. धाकट्यासाठी पडद्याच्या लाल कापडाची केली. दोन्ही उश्या गच्च भरल्या. मुलं मोठी झाली तशा त्या पेटीत गेल्या.

पुढे कधी सुरू झालं ते मला नेमकं सांगता येणार नाही. माझ्यावर गव्हात एखादा काळा मणी उरायला लागला. मग मूठभर. मी जोर लावून थरथरायचे, पण तो भोकाच्या तोंडाशी येऊन अडायचा. माझ्या मनात पाल चुकचुकली. माझी भोकं लहान होताहेत की काय? पण पत्रा काही आक्रसत नाही.

सगळ्यांत आधी ते बोलून दाखवलं ते घरच्या एका गड्याने. तोंडाचा फटकळ, पण कामाला वाघ. पेरणीच्या वेळी ओंजळीत बियाणं घेऊन म्हणाला, "बाई, यात काळं फार दिसतंय हो. हे पेरायचं नाही."

किल्लीवालीच्या भुवया वर गेल्या. "इतकी वर्षं नाही दिसलं. आजच तुला बरं दिसलं?"

"दिसलं म्हणून तर सांगतोय."

"की तूच मिसळलंस आणि आता साळसूदपणे दाखवतोयस?"

हातातलं बियाणं त्याने पोत्यात परत टाकलं, डोक्याला मुंडासं गुंडाळलं आणि निघून गेला. पुन्हा आला नाही. त्यानंतर एका कामवालीने तेच सांगितलं. तिच्याही डोक्यावर खापर फुटलं आणि तीही गेली. मागे उरले ते सगळे तोंडाला कुलूप लावलेले. बियाणं कसं आहे विचारलं की म्हणायचे, "झकास आहे, बाई." किल्लीवालीला वाटायचं, चला, आता घरात भरवशाची माणसं उरली.

मग थोरल्याचं लग्न झालं आणि घरात थोरली सून आली. पहिल्या वर्षीच तिने घराचा वारा ओळखला. कोणाकडेही बघताना ती डोळे बारीक करायला शिकली. सासूपेक्षा सवाई निघाली म्हणा ना! तिला दिवस गेले तेव्हा उशीसाठी काळमणी गोळा करायला ती मला घेऊन बसली. चाळून चाळून तिचे हात दुखले, पण खाली पडलेल्या मण्यांनी उशीची पिवळी पिशवी निम्मीसुद्धा भरेना. थोरली घाबरली. सासू काय म्हणेल? नीट चाळलं नाहीस म्हणेल, की बी कुठे ठेवलंस म्हणेल? तिने दाराकडे पाहिलं. मग भराभर गव्हाचा भुसा उशीत कोंबला आणि टाके घातले. ते पाहिलं फक्त मी. मला बोलता येत नाही हे त्या दिवशी तिच्या फार उपयोगी पडलं.

काही वर्षांनी धाकटी सून आली. ही वेगळीच होती. मोठ्याने हसायची. मनात आलं की बोलून मोकळी व्हायची. माहेराहून येताना तिने भाज्यांच्या बियांच्या पुरचुंड्या आणल्या होत्या. किल्लीवालीने त्या सोडून, हुंगून, परत बांधून पाहिल्या. मलाही तिचा संशय आला, खोटं कशाला बोलू? इतकं हसणारं माणूस मी त्या घरात पाहिलंच नव्हतं.

चाळायचं काम धाकटीकडे आलं आणि त्याच वर्षांत शेत काळमण्यांनी भरून गेलं. पीठ कडू यायला लागलं. जेवताना थोरला ताट सरकवून उठायचा. किल्लीवाली घास चावता चावता सगळ्यांचे चेहरे निरखायची.

धाकटीला सातवा महिना लागला. उशीसाठी ती मला मांडीवर घेऊन बसली. बराच वेळ चाळल्यावर तिने हाक मारली, "ताई, जरा इकडे या हो. खाली काही पडतच नाही."

थोरली दारात आली. "पडत नाही की तू पडू देत नाहीस?"

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. तू आल्यापासूनच सगळं वर राहायला लागलंय, एवढंच म्हणतेय."

धाकटी हसली. थोरली हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती शेताच्या कुंपणापाशी गेली. तिथे नांगर जात नाही, पेरणी होत नाही, आणि तिथलं काळमण्याचं बी आपलं आपण गळतं, उगवतं. थोरलीने ते मूठभर तोडून आणलं आणि किल्लीवालीसमोर माझ्यावर ओतलं. सगळं भुर्रकन खाली गेलं. मग तिने शेतातले काळमणी ओतले. ते ठाण मांडून वर बसले.

"बघितलंत आई? आपल्या इथला काळमणी असा बारीक असतो. हा जाडा आपला नव्हेच. कोणीतरी बाहेरून आणलाय."

कोणी ते तिने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. मला तर ते तंतोतंत पटलं. पुरावाच होता ना डोळ्यांसमोर! मित्रांनो, संशयाची गंमत अशी असते. एकदा तो बसला की खरा पुरावासुद्धा त्याचीच बाजू घेतोय असं वाटतं.

किल्लीवालीने धाकटीला कोठीबाहेर उभं करून सांगितलं, "उद्यापासून इथे पाऊल टाकायचं नाही. बाळंतपणाला माहेरी जा. परत कधी यायचं ते आम्ही कळवू."

"आणि नाही कळवलंत तर?"

किल्लीवाली आत गेली आणि तिने कडी घातली. धाकटी भिंतीला टेकून रडली. तिचं ते रडणं मला खुंटीपर्यंत ऐकू आलं. पण मी मनाला म्हटलं, रडणारं माणूस निर्दोषच असतं असं थोडंच आहे?

सकाळी धाकटीची पिशवी भरली गेली. तिच्या नवऱ्याने, म्हणजे धाकट्याने, पेटी उघडून स्वतःची लाल उशी काढली. "आई, नवी उशी काही झाली नाही. निदान माझी तरी बाळाला नेऊ दे."

कोणी हो म्हणायच्या आत थोरलीने ती उशी त्याच्या हातातून घेतली आणि दाबून पाहिली. "यात नुसती उशीच जातेय कशावरून? आपलं बियाणंही जात असेल."

"वहिनी, अहो, ती माझ्या लहानपणापासून पेटीत पडलीय!"

"असेल. बघायला काय जातंय?"

तिने कात्री घेतली आणि टाके उसवले. खाली सांडू नये म्हणून तिला काहीतरी हवं होतं. बाकावर मी पडले होते. तिने उशी माझ्यावर पालथी केली.

काळे मणी माझ्यातून असे गेले की मला त्यांचा स्पर्शही जाणवला नाही. जमिनीवर ढीग झाला. धाकटी जड पोटानिशी खाली बसली. काल थोरलीने कुंपणाजवळून आणलेली मूठ तिथे कोपऱ्यात पडलेली होतीच. धाकटीने एका तळव्यावर ते मणी घेतले आणि दुसऱ्यावर उशीतले. दोन्ही सारखेच बारीक.

"आई," ती नवऱ्याकडे बघत म्हणाली, "हे लहान होते तेव्हा शेतातले मणीही कुंपणाइतकेच बारीक होते."

"मग तेच तर म्हणतेय मी. नंतर कोणीतरी जाडे आणले."

"नंतर म्हणजे कधी? मी आल्यावर की आधी?"

पेटीत पिवळी उशी दिसत होती. थोरलीच्या मुलीची. धाकटी या घरात यायच्या कितीतरी आधीची. धाकटीने त्या उशीकडे बोट केलं. थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला.

त्या उशीत काय होतं ते थोरलीला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. ती सहज म्हणू शकली असती, "माझ्या लेकीच्या उशीला हात लावायचा नाही." कोणी लावला नसता. धाकटी माहेरी गेली असती, कदाचित कायमची, आणि या घरात बोलणारं कोणी उरलं नसतं. मी थोरलीकडे बघत राहिले. ही नाही बोलणार, मी मनात म्हटलं. मी पैज लावली असती.

थोरलीने पिवळी उशी उचलली आणि स्वतःच फाडली. थोडे मणी पडले. लाल उशीतल्यांपेक्षा ते जाडे होते, माझ्या भोकांतून अंग चोरून गेले. त्यांच्यामागून भसकन भुसा बाहेर आला.

"आई, हा भुसा मी घातलाय," थोरली म्हणाली. "उशी भरेना. तेव्हाच खाली काही पडायचं बंद होत आलं होतं. तुम्ही मला चोर म्हणाल म्हणून मी गप्प बसले. हिने काही केलेलं नाही. ही तर तेव्हा आपल्या घरातसुद्धा नव्हती."

मग किल्लीवाली हळूच म्हणाली, "अगं, मग केलं तरी कोणी?"

धाकटीने दाराशी पडलेल्या, अजून न मळलेल्या गव्हाच्या पेंढीतून काळमण्याचं एक वाळकं रोप ओढून काढलं. त्याची बोंडं कापणीपर्यंत फुटत नाहीत. ती गव्हाबरोबर कापली जातात आणि मळणीतच मोकळी होतात. तिने बोंडं चोळून मणी हातावर घेतले. मग दुसरं रोप, मग तिसरं. एकाचे मणी बरेच जाडे होते, दुसऱ्याचे मध्यम, एखाद्याचे अजूनही बारीक.

"सगळे सारखे नाहीतच हे," ती म्हणाली. "पूर्वीही नसतील. बारीक होते ते चुलीत गेले. त्यातल्या त्यात जाडे होते ते गव्हात राहिले आणि आपण ते पेरले. आई, दर वर्षी आपणच पेरले."

"आणि जाड्यांच्या रोपांना जाडेच मणी येणार," थोरली पुटपुटली.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मित्रांनो, आता माझं ऐका. मी माफी मागणार नाही. भोकं पाडताना मला कोणी विचारलं नव्हतं. पण त्या दिवशी जे कळलं ते तुम्हाला सांगते. मला वाटत होतं की काळमणी लबाड आहेत, मला चुकवायचं म्हणून मुद्दाम फुगतात. तसं मुळीच नव्हतं. एकही मणी मोठा झाला नाही. जो जसा जन्मला तसाच राहिला. कोणाला काही कळत नव्हतं, कोणी काही ठरवलं नव्हतं. फक्त दर वर्षी मी बारकांना खाली टाकत गेले, जाडे शेतात परत जात राहिले, आणि त्यांची पिलावळ बहुतेक करून त्यांच्यासारखी निघाली. एखादं बारीक निघायचं, ते माझ्या तावडीत सापडायचं. बदलला तो एकेक मणी नव्हे, अख्खं शेत बदललं. कुंपणापाशी चाळणी नव्हती, म्हणून तिथले होते तसेच राहिले. आणि मी भोकांत जितकी अचूक, तितकी माझी निवड कडक. ज्या कामाबद्दल माझं कौतुक व्हायचं, त्याच कामाने मी अशी जात तयार केली की जिला मी चाळूच शकत नाही!

किल्लीवाली बाकावर बसली. मग तिने विचारलं, "तो गडी काय म्हणाला होता गं? पेरणीच्या वेळी?"

थोरलीला ते माहीत नव्हतं. धाकटीलाही नव्हतं. धाकटा म्हणाला, "हे पेरायचं नाही, असं म्हणाला होता. मी लहान होतो, पण मला आठवतंय. तू त्याला चोर ठरवलंस, आई."

"मग त्याच्यानंतर मला कोणीच कसं काही सांगितलं नाही?"

"सांगणारे तू ठेवलेसच कुठे?"

किल्लीवालीने पदराने डोळे टिपले. त्या गड्याचा तिने नंतर पुष्कळ शोध घेतला, पण तो कुठल्या गावी गेला ते कोणालाच सांगता आलं नाही.

धाकटीची पिशवी पुन्हा रिकामी झाली. त्या वर्षी दोघी जावांनी मांडीला मांडी लावून बियाणं हाताने निवडलं आणि घरात पहिल्यांदाच बाहेरचं चांगलं बियाणंही आलं. जमिनीवरचे बारीक मणी थोरलीने गोळा केले आणि लाल उशी स्वतःच्या हाताने पुन्हा शिवली. त्यावर धाकटीचं बाळ झोपायचं. कोठीची किल्ली आता कोणाच्या कमरेला नसते. ती माझ्या शेजारच्या खुंटीवर असते आणि येताजाता मला टोचते.

माझी धूळ आता कोणी पुसत नाही. माझा काठ गंजलाय. खरं सांगायचं तर त्याचं वाईट वाटतं. तुम्ही आलाच आहात तर जाताना एकदा फडकं फिरवा, नाही म्हणणार नाही. पण त्याहून मोठं मागणं आहे. तुमच्या हातातही कधी ना कधी चाळणी येईल. गव्हाची येईल किंवा माणसांची. खाली पडलं त्याचा ढीग बघून खूष होऊ नका. वर काय राहिलं ते ओंजळीत घेऊन उजेडात बघा, कारण उद्या तुमच्या शेतात तेच उगवणार आहे.

परवा या घरात एक नवी चाळणी आली. चकचकीत आहे, भोकं निराळ्या मापाची आहेत, आणि थोड्या दिवसांत सगळे तिचं कौतुक करायला लागतील. माझा काही तिच्यावर विश्वास नाही. संध्याकाळी तिला माझ्याशेजारी टांगतात तेव्हा मी रोज तिला विचारते, "खाली काय पडलं ते राहू दे, पोरी. आज वर कोण राहिलं, ते सांग."